ट्रॅम गेली, टी.टी. राहिले

दादरला पूर्वेच्या बाजूला उतरावे आणि कुणालाही ‘टी.टी.’ विचारावे. भाजीवाली, टॅक्सीवाला, पेपरवाला, कुणीही हात करून दिशा दाखवतो. खोदादाद सर्कल हे त्या चौकाचे रीतसर नाव आहे, पण ते पत्त्यापुरते. बोलण्यातले नाव टी.टी. मध्यंतरी कॉलेजातल्या एका मुलाला मी सहज विचारले, ‘‘टी.टी. म्हणजे काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘तिकीट तपासनीस असेल.’’ मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. जिथे मुंबईची ट्रॅम संपत असे ती जागा. ट्रॅम जाऊन साठ वर्षे उलटून गेली. रूळ गेले, तारा गेल्या, डबे गेले. नाव तेवढे उभे आहे. ज्या वाड्यातली माणसे निघून गेली त्या वाड्याच्या दारावरच्या पाटीसारखे.

आज आपण वाहतुकीच्या कोंडीविषयी रोज बोलतो. मेट्रो, उड्डाणपूल, सागरी रस्ता यांच्यावर वाद घालतो. पण हे सगळे नव्याने उद्भवलेले प्रश्न आहेत असे मानून बोलतो. मुंबईला हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता आणि तिने वेळोवेळी त्याची उत्तरेही दिली होती. काही उत्तरे फार शहाणपणाची होती. काही आपणच पुसून टाकली. ही गोष्ट त्या उत्तरांची आहे.

मुंबईत घोड्यांची ट्रॅम चालवावी असा प्रस्ताव प्रथम आला १८६५ मध्ये. एका अमेरिकन कंपनीने परवाना मागितला, तो मिळालाही. पण ते वर्ष मोठे विचित्र होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअरांचा जुगार रंगला. युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. बँका बुडाल्या, मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. त्या पडझडीत ट्रॅमचा कागद कागदच राहिला. शहराच्या वाहतुकीचा पहिला बेत असा सट्ट्यात वाहून गेला. पुढच्या इतिहासाकडे पाहिले की ही सुरुवात फार सूचक वाटते.

प्रत्यक्षात ट्रॅम धावली ९ मे १८७४ रोजी. दोन मार्ग होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. सुरुवातीला कंपनीकडे वीस डबे आणि नऊशे घोडे होते. डब्यांपेक्षा घोड्यांची संख्या एवढी मोठी का, असे वाटेल. मे महिन्याच्या उन्हात माणसांनी भरलेला डबा ओढायचा तर घोडे वारंवार बदलावे लागत. हे शहर पहिल्यांदा चालले ते मुक्या जनावरांच्या दमावर, हे विसरता कामा नये.

दोन्ही मार्ग पायधुणीला मिळत. पाय धुण्याची जागा, ती पायधुणी. मुंबई सात बेटांची होती तेव्हा खाडीतला चिखल तुडवून आलेला माणूस इथे पाय धूत असे, असे म्हणतात. मला नेहमी वाटते, ज्या जागी माणूस पायांचा चिखल धूत होता त्याच जागी त्याला पायी चालण्यापासून थोडी सुटका मिळाली. ट्रॅमचे शेवटचे ठिकाण निवडणाऱ्या साहेबाच्या मनात हा विचार नसणार. त्याला दाट वस्ती आणि बाजारपेठ दिसत असणार. तेही योग्यच होते. माणसे जिथे होती तिथे त्याने गाडी नेली.

कुलाबा ते पायधुणी भाडे होते तीन आणे. त्या काळच्या मजुराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. पण लोकांची ये-जा वाढली तसे भाडे दोन आण्यांवर आले. आधी तिकीटच नव्हते. फुकट जाणाऱ्यांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटे सुरू झाली. म्हणजे पहिल्याच वर्षात तीन गोष्टी मुंबईला कळल्या. गाडी लोकवस्तीत न्यावी, भाडे परवडेल असे ठेवावे आणि हिशेब चोख ठेवावा. सार्वजनिक वाहतुकीचे शास्त्र म्हणून आज जाडजूड अहवाल लिहिले जातात. त्यांचा अर्क या तीन वाक्यांत आहे.

१९०५ मध्ये ट्रॅमचा कारभार ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ या कंपनीकडे आला. याच नावाच्या आद्याक्षरांपासून आपले ‘बेस्ट’ झाले. तोवर घोड्यांची संख्या १३६० वर गेली होती. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्रॅम धावली आणि घोड्यांची सुटका झाली. १९२० मध्ये दुमजली ट्रॅम आली.

विजेची ट्रॅम आली तो काळ शहराच्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींत माणसे पटापट मेली, हजारो शहर सोडून पळाली. सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. गर्द वस्तीतून समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच आणि आजचा महंमद अली रोडही त्यातलाच. घरे पाडली गेली, गरिबांचे हालही झाले. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याचबरोबर ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात नवी वस्ती आखली. पाच उद्यानांचा परिसर, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी हे त्या आखणीचे फळ. आणि वस्ती उत्तरेला सरकली तशी तिच्या पाठोपाठ ट्रॅमही दादरला गेली. घर आणि गाडी यांचा विचार बरोबर झाला म्हणून दादर नुसते उपनगर न राहता शहराचे दुसरे काळीज झाले. टी.टी. हे त्या शहाणपणाचे नाव आहे.

बस आली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला. पुढच्या वर्षी तोच आकडा ३८ लाखांच्या घरात गेला. बस ही श्रीमंतांची चैन म्हणून आली आणि पाहता पाहता सामान्यांची झाली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. दरम्यान १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची लोकल धावू लागली होती. १९३५ मध्ये शहरात ४३३ ट्रॅमगाड्या होत्या. लांबच्या पल्ल्याला लोकल, मधल्या पल्ल्याला ट्रॅम, जिथे रूळ नाहीत तिथे बस, अशी ती वाटणी होती. जगातल्या फार थोड्या शहरांना त्या काळी एवढी चांगली घडी बसवता आली असेल.

७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. देश स्वतंत्र व्हायला आठ दिवस होते. त्या वेळी २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत आणि रोज २ लाख ३८ हजार प्रवासी नेत. ट्रॅमचे प्रवासी वेगळेच. या तारखेला मी फार मानतो. शहराने सांगितले की आमच्या माणसांनी कामावर कसे जायचे हा आता एखाद्या कंपनीच्या नफ्याचा प्रश्न राहिलेला नाही, तो आमचा प्रश्न आहे. त्यातही एक हुशारी होती. बेस्ट वीजही विकत होती. विजेच्या धंद्यात पैसा सुटे, बसच्या धंद्यात तूट येई. एका खिशातले दुसऱ्या खिशात घातले जाई. ज्याच्या घरी दिवे जास्त तो ज्याला चालणे जास्त त्याच्या तिकिटाला हातभार लावी. कुणाला उपकार केल्यासारखे वाटत नसे आणि कुणाला मिंधे झाल्यासारखेही वाटत नसे.

आता त्या दुःखद भागाकडे यावे लागते. १९५३ पासून ट्रॅमचे मार्ग एकेक करून बंद होऊ लागले. कारणे दिली गेली ती खोटी नव्हती. रूळ जुने झाले होते. ट्रॅम रस्त्याच्या मधोमध चाले, त्यामुळे उतरणाऱ्याला धावत्या मोटारींतून वाट काढावी लागे. खर्च वाढला होता, उत्पन्न घटले होते. लंडनने १९५२ मध्ये ट्रॅम काढून टाकली होती आणि मोठ्या शहरांनी जे केले ते आधुनिक, असा समज सगळीकडे होता. मधल्या काळात १९६२ मध्ये ट्रॉलीबसचाही प्रयोग झाला, तो १९७१ मध्ये संपला. या सगळ्यात एक तक्रार सतत ऐकू येई, की ट्रॅम वाहतुकीला अडथळा करते. ही तक्रार जरा उलटून पाहावी लागते. ट्रॅमच्या एका डब्यात साठ-सत्तर माणसे आणि तिच्या मागे खोळंबलेल्या दहा मोटारींत मिळून वीस. मग अडथळा कुणाला कुणाचा होत होता? ‘वाहतूक’ या शब्दाचा अर्थ त्या दशकात गुपचूप बदलला. माणसांची वाहतूक मागे पडली, मोटारींची वाहतूक म्हणजेच वाहतूक ठरली. आजही आपण तोच अर्थ वापरतो.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्रॅम निघाली. माझे अब्बा तेव्हा तरुण होते, पायधुणीला एका पेढीवर हिशेब लिहीत. ते सांगत, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसे उभी होती. कुणी हात हलवत होते, कुणी धावत जाऊन डब्याला हात लावून येत होते. अब्बा रोज ट्रॅमने जात. त्या रात्री मात्र ते चढले नाहीत, नुसते बघत राहिले. ‘‘मय्यतीला खांदा द्यायला गर्दी होती, मी मागून चाललो,’’ असे ते म्हणत. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवीत होता, तो आवाज दूर जाईपर्यंत ते उभे होते. मी ट्रॅम पाहिलेली नाही. पण तो आवाज मला ऐकू येतो.

मी बसच्या काळातला. माझी अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली होती, मराठी अक्षर तिला येत नव्हते. बेस्टच्या बसवर समोरच्या बाजूला नंबर मराठीत असे, अजूनही असतो. अम्मीला नातेवाइकांकडे, दवाखान्यात, बाजारात एकटीने जायचे तर ते आकडे यायलाच हवेत. उर्दूत एक म्हणजे सरळ उभी रेघ. मराठीतल्या एकाला डोके आणि शेपटी. एक आणि नऊ यांत तिचा नेहमी घोटाळा होई. ती थांब्यावर उभी राहून मला विचारी, ‘‘बेटा, ये डोक्याचा कुठल्या बाजूला बघतो?’’ अशी ती बसच्या पाटीवरून मराठी आकडे शिकली. पुढे पाट्यांवरची गावेही वाचू लागली: शीव, वरळी, माहीम. आमच्या घरात मराठी वाचणारी पहिली मोठी बाई बसने घडवली. मी पुढे मराठीत लिहू लागलो, त्याची थोडीफार सुरुवात त्या थांब्यावर झाली असावी. म्हणून बसचा विषय निघाला की मी नुसत्या तोट्या-नफ्याच्या भाषेत बोलू शकत नाही. बस एखाद्या बाईला घराबाहेर काढते, शहर तिच्या ओळखीचे करते. या गोष्टीची नोंद कुठल्या जमाखर्चात होत असेल?

ट्रॅम गेली त्याच सुमारास एक वेगळा विचारही पुढे आला होता. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक आराखडा मांडला. मुंबई ही लांबट पट्टी, तिच्यात सकाळी सगळे दक्षिणेला धावतात, संध्याकाळी उत्तरेला. कितीही गाड्या वाढवल्या तरी हा एकाच दिशेचा लोंढा आवरणार नाही. तेव्हा खाडीपलीकडे नवे शहर वसवा, कामेच तिकडे न्या, म्हणजे धाव विभागली जाईल. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली. पण सरकारी कचेऱ्या पलीकडे गेल्या नाहीत. उलट इकडे समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभे राहिले. लोकल वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. घरे आधी, गाडी वीस वर्षांनी. दादर-माटुंग्याला जो धडा आपण गिरवला होता तो इथे विसरलो. पुढे गिरणगावात संप झाला, गिरण्या थंड पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. जिथे कामगार चाळीतून पायी गिरणीत जात होता तिथे आता मजल्यामागून मजले मोटारी उभ्या करण्यासाठी बांधले गेले.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांची योजना निघाली. त्या लाटेतला जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये पुरा झाला. महंमद अली रोडवरून, म्हणजे भेंडीबाजार आणि पायधुणीच्या डोक्यावरून तो जातो. माहीमचे सुफी संत मखदूम अली माहिमी यांचे नाव त्याला दिले आहे. ज्या रस्त्याची आखणी वारा खेळावा म्हणून झाली, त्यावर आता छप्पर आले. खिडकीत उभे राहिले तर समोरून मोटार जाते. वरचे लोक लवकर पोचतात, यात शंका नाही. खालचा बसवाला मात्र होता तिथेच आहे.

यानंतरची गोष्ट ताजी आहे. मेट्रोची पहिली मार्गिका वर्सोवा ते घाटकोपर २०१४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी आलेली मोनोरेल कधी रुळलीच नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिची सेवा थांबवण्यात आली. २०२४ मध्ये सागरी किनारा रस्ता खुला झाला. कुलाबा-सीप्झ ही भुयारी मेट्रो टप्प्याटप्प्याने सुरू होत ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. तिच्यातून गेलो तेव्हा ‘काळबादेवी’ ही पाटी पाहून मी थबकलो. १८७४ मध्ये घोड्यांची ट्रॅम याच काळबादेवीवरून गेली होती. दीडशे वर्षांत आपण तिथेच परत आलो, फक्त जमिनीखालून, हजारो कोटी रुपये खर्चून. मेट्रो हवीच. एवढ्या मोठ्या शहराला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. प्रश्न आहे तो तिच्यातून बाहेर पडल्यावरचा. जिना चढून वर आलेल्या माणसाला पुढचे दोन मैल कोण नेणार?

ते काम बसचे. आणि बस मात्र या सगळ्या झगमगाटात आक्रसत गेली. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्याही खाली आल्या आणि त्यांतल्या स्वतःच्या मालकीच्या काही शेच उरल्या. बाकीच्या भाडेकराराने घेतलेल्या. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीज ग्राहकाच्या पैशातून बसची तूट भरण्याची सोय हळूहळू आटली. एक खिसा शिवला गेला आणि दुसऱ्या खिशाचे काय करायचे हे कुणी ठरवले नाही. २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये केले तेव्हा प्रवासी भराभर वाढले होते. तीन आण्यांचे दोन आणे झाल्यावर झाले होते तसेच. पण गाड्या कमी होत गेल्या आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. पाचाचे दहा म्हणजे मोटारवाल्याला काहीच नाही. रोज दोन बस बदलून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला तो महिन्याचा हिशेब आहे.

टिकाऊ वाहतूक असा शब्द आता रूढ झाला आहे. विजेवर चालणारी गाडी म्हणजे टिकाऊ, असे बहुतेकांना वाटते. ट्रॅमही विजेवरच चालत होती, धूर सोडत नव्हती. तरी ती टिकली नाही. कारण टिकण्यासाठी तिला तीन गोष्टी लागतात. रस्त्यावर तिची हक्काची जागा, तिच्या तुटीसाठी पैशाचा कायमचा झरा आणि तिच्या वाटेवर आखलेली घरे. यातले एक जरी काढून घेतले तरी ती तोट्यात जाते, मग तोट्यात आहे म्हणून आपणच तिला बंद करतो. पॅरिसनेही ट्रॅम काढून टाकली होती. १९९२ मध्ये त्या महानगराने ती पुन्हा आणली. शहाण्यांनाही चुका दुरुस्त करता येतात. तिकडे कोलकात्यात १८७३ मध्ये सुरू झालेली ट्रॅम एक हौसेचा मार्ग सोडून बंद करायची घोषणा २०२४ मध्ये झाली. १९६४ मध्ये इथे दिलेलीच कारणे तिथे पुन्हा ऐकू आली.

मुंबईत रूळ पुन्हा घाला असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या रस्त्यांवर एक पट्टा बसचा असू द्यावा. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाबाहेर थांबा असावा आणि त्या थांब्यावर पाच-सात मिनिटांत बस यावी. थांब्यापर्यंत पोचायला पदपथ असावा. विजेच्या जागी उत्पन्नाचा दुसरा झरा शोधावा. रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींकडून जागेचे भाडे घेतले तरी सुरुवात होईल. याला भुयारे खणावी लागत नाहीत. रस्ता कुणाचा, हे एकदा ठरवावे लागते. १८७४ च्या कंपनीने नफ्यासाठी का होईना, ते ठरवले होते. १९४७ च्या महापालिकेने तर विचारपूर्वक ठरवले होते.

परवा संध्याकाळी टी.टी.ला थांब्यावर उभा होतो. बराच वेळ बस आली नाही. शेजारी एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी होती. लांबून लाल गाडी दिसली तशी तिने डोळे बारीक केले आणि मला विचारले, ‘‘बाबा, पुढं एक हाय का नऊ?’’ मी पाटी वाचून सांगितली. ती तिचीच बस होती. ती चढली, घंटी वाजली आणि गाडी निघून गेली.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)